तलावाच्या जागेचा अर्ज

दर पावसाळ्यात तलावाचं पाणी आमच्या चुलीत शिरायचं. तिथंच उंच जोतं घालून घर बांधायला तहसिलीची परवानगी हवी होती. घराण्यातला पहिला बी.ए. मी, बापाच्या नावाचा अर्ज स्वतः लिहिला.

तिथला कारकून मान वर न करता, ओठ हलवत अर्ज वाचायचा. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“पाणी घरात येते, असं काऊन लिवलं, भाऊ? मंग ते तलावाचीच जागा झाली ना! खोडा ते.”

“मी खोटं लिहीत नसतो.”

“बहुत शिकले तुमी,” म्हणत त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस त्याने अर्ज साहेबापुढे नेला नाही. ती ओळ खोडायला मी येईन म्हणून वाट पाहिली. मी गेलो नाही.

अर्ज नामंजूर झाला. बाप त्या ओलीतच खोकत गेला. पुढे माळावर जागा मिळाली, आणि घराची परवानगी माझ्या नावाने निघाली.