कपाळावरचा चहा

भूल देणाऱ्यांचे किस्से कोणी ऐकत नाही. पेशंट झोपलेला असतो आणि सर्जन स्वतःचेच सांगत असतो. म्हणून ते आमच्यापाशी साठत जातात.

आमच्या बालाघाटच्या दवाखान्यात भुलीचे डॉक्टर दोनच, कटरे सर आणि मी. श्वासाची नळी घालताना घसा दिसावा म्हणून सर अजून आपलं जुनं स्टीलचं लॅरिंगोस्कोप वापरतात. कॅमेरावालं नवीन आलं, तेव्हा म्हणाले, "घसा पाह्याले टीव्ही कायले पायजे?"

मी म्हटलं, "सर, यानं मान कमी हलते."

"माह्या हातानं कुठं हलते?"

झालं, महिनाभर तोच वाद.

* * *

शेवटी मंदा सिस्टरने तोड काढली. सरावाच्या रबरी पुतळ्याच्या कपाळावर चहाचा भरलेला कप ठेवायचा आणि मग नळी घालायची. ज्याचा चहा सांडेल, त्याने पुतळा पुसायचा.

सरांनी पुतळा पुसला. परत खेळले, परत पुसला. मग म्हणाले, "कपच वाकडा आहे."

माझ्या वेळी चहा हलला नाही. पण सर इतक्या जवळून बघायला वाकले की त्यांच्याच कोपराने कप उलटला. ते खूश होऊन म्हणाले, "पाह्य, तुहाही सांडला!"

* * *

कटंगीकडचे फागूभाऊ चिंचेवरून पडून आले, तेव्हा मात्र कोणाला खेळ सुचला नाही. मानेचं हाड मोडलं होतं. नळी घालताना मान हलली तर हातपाय कायमचे जाण्याची भीती होती, आणि फागूभाऊ गावच्या दंडारीत, नाचगाण्याच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवणारे.

मला म्हणाले, "मॅडम, पाय गेले तं जाऊ द्या, पन हात राहू द्या."

सर म्हणाले, "भाऊ, मान बिलकुल हलवू नका. समजलं काय?"

फागूभाऊंनी गळ्यात पट्टा असतानाही 'हौ' म्हणून मान डोलवायला घेतली. मंदा सिस्टर ओरडली, "तोंडानं बोला!"

* * *

ऑपरेशनच्या टेबलाशी मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "तुहा कॅमेरा घे. मी डोकं धरतो." दोन्ही पंजांत त्यांनी ते असं धरलं की नळी बसल्यावरही सोडेनात. "सर, झालं," असं मलाच सांगावं लागलं.

फागूभाऊ शुद्धीवर आले आणि पलंगाच्या दांडीवर त्यांची बोटं वाजू लागली. सर म्हणाले, "ताल चुकून राह्यला," आणि चष्मा पुसत बाहेर गेले. मी तिथेच रडले.

* * *

हाड जुळलं, पट्टा निघाला, सर्जननी वाजवायची परवानगीही दिली. दिवाळीनंतर फागूभाऊंच्या गावच्या मंडईच्या जत्रेत भर दुपारी दंडार होती. आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो होतो.

ढोलकी रंगात आली तशी फागूभाऊंची मानही तालावर हलू लागली. लोक डोलत होते. मंदा सिस्टरने माझं मनगट आवळलं. बाजूला पाहिलं तर सर उभे, दोन्ही पंजे हवेत, कोणाचं तरी डोकं धरल्यासारखे.

"भाऊ, मान हलवू नका!"

फागूभाऊंनी वाजवता वाजवता सरांकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि 'हौ' म्हणून जोरजोरात मान डोलवली.