दादाने देऊ केलेला स्टॉक

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीतल्या चार घरांनी मिळून नाचणीच्या बिस्किटांची कंपनी काढली होती. रीतसर नोंदवलेली, चारही घरांचे शेअर सारखे. दादा विक्री बघायचा, वहिनी भट्टी. मी महाडला कॉलेजात कॉमर्स शिकवते, म्हणून सरकारी कामं माझ्याकडे.

वर्षभर आमची बिस्किटं घेणारे मुंबईचे एक व्यापारी त्या रविवारी टेम्पो घेऊन आले. आदल्या आठवड्यात त्यांनी फोनवर दादाला विचारलं होतं, "तुमचा सगळा स्टॉक मला हवाय. देणार ना?" दादा खुशीत म्हणाला होता, "सगळा तुमचाच!"

खोकी टेम्पोत चढत होती. व्यापारी भट्टीभोवती फिरले आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "हिचं माप घे. पुढच्या महिन्यात पनवेलला हलवू."

वहिनीचे हात पिठात थांबले. "भट्टी कशाला हलवायची?"

"ताई, कंपनी घेतली म्हणजे भट्टीही आलीच."

"कंपनी कोणी इकली?"

सगळे दादाकडे बघायला लागले. त्याचा चेहरा पार उतरला. "मी माल इकला," तो म्हणाला. "गोदामातला माल."

"सगळा स्टॉक, असं म्हणालात तुम्ही," व्यापाऱ्यांचा आवाज चढला. "मी माझ्या भागीदारांना शब्द देऊन बसलोय."

आमचे चुलते, चारांतल्या एका घराचे कर्ते, दारातून आत आले. दादाला म्हणाले, "आमाला न इचारता?" मग माझ्याकडे वळले. "काय बोलतोय गो हा माणूस? नीट सांग."

मी वर्गात शिकवते तसं सांगू लागले. "काका, दुकानदार स्टॉक म्हणतो तो शिल्लक माल. दादाला तेवढंच ठाऊक. पैशाच्या व्यवहारात स्टॉक म्हणजे कंपनीची मालकी, सरसकट. आणि शेअर म्हणजे त्या मालकीचा एकेक हिस्सा. दादाच्या हातात फक्त आमच्या घरचे शेअर आहेत. तुमचे तो देऊच शकत नाही."

काका दादावरची नजर काढेनात. "खरं सांग रे. तुला ठाव नव्हतं?"

"नाय काका. शपथ घेऊन सांगतो."

"इकली असती तर मी आज पीठ मळीत बसले असते का?" वहिनी कडाडली.

मग व्यापारी दादाजवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ठीक आहे. निदान तुमच्या घरचे शेअर तरी द्या. तेवढे तुमच्या हातात आहेत ना?"

ते होतेच. मी दादाकडे बघायचं टाळलं. काकांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

"नाय," दादा म्हणाला. "माल न्या. बाकी काय मिळायचं नाय."

"मग मालही नको मला."

चढवलेली खोकी पुन्हा खाली उतरली. टेम्पो रिकामा गेला. वहिनी तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

बिस्किटं फार दिवस टिकणारी नव्हती. दादा हिरकणीवाडीला जाऊन गडावर जाणाऱ्या रोपवेजवळच्या टपऱ्यांवर माल घेतील का, ते विचारून आला. पुढच्या सुट्टीला जीप भरून माल न्यायचं ठरलं. काका इतके दिवस दादाशी बोलले नव्हते. निघायच्या सकाळी ते आपणहून आले, दोन खोकी उचलून जीपमध्ये ठेवली आणि दादाच्या शेजारी बसले.

"चल रे," म्हणाले. "ऊन चढायच्या आत पोचू."