टाकी पाडायची कशी, यावरचं मतदान

ऐंशीच्या दशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत चार मजली उंचीची, सिमेंटची पाण्याची टाकी होती. तिच्या खांबांतून सळया दिसू लागल्या, तेव्हा आम्ही ती रिकामी केली आणि पाडायचं ठरवलं. मी सेक्रेटरी होते, म्हणजे वही माझ्याकडे होती.

टाकीपासून सर्वांत जवळचं घर एका निवृत्त गुरुजींचं. मध्ये जेमतेम पंधरा फूट. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत काढून त्यांनी ते बांधलं होतं. दाराला रंगाचा दुसरा हात अजून द्यायचा होता. त्यांचं मागणं एवढंच, की टाकी जावी आणि घर राहावं.

मी वहीत तीन पर्याय लिहिले. एक, खांब फोडून टाकी ट्रकने दोरखंडाने ओढायची. दोन, सुरुंग. तीन, परांची बांधून वरून खाली, हातोडा-छिन्नीने थोडी थोडी फोडायची. तिसऱ्याला दोन महिने लागणार होते. चेअरमनना सुरुंग हवा होता. त्यांनी एका इंग्रजी सिनेमात आख्खी इमारत जागच्या जागी बसताना पाहिली होती, आणि ते हाताचा पंजा हळूहळू खाली आणून सगळ्यांना ती दाखवत.

सभेत मला सोडून अकरा जण होते. सुरुंगाला सात मतं, ट्रकला तीन, हातोड्याला गुरुजींचं एक. मी ठराव लिहिला नाही. माहिती अपुरी आहे, असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन टाकीपासून प्रत्येकाच्या घरापर्यंतचं अंतर मोजलं आणि मतांशेजारच्या रकान्यात भरलं. दीडशे फुटांपलीकडचे सगळे सुरुंगवाले. सत्तर ते दीडशे, ट्रकवाले. चेअरमन सर्वांत लांब, आणि सर्वांत ठाम.

पुढची सभा मी गुरुजींच्या ओट्यावर बोलावली. येवल्याकडे विहिरींना सुरुंग लावणारे एक अनुभवी गृहस्थ चेअरमननीच शोधले होते, त्यांनाही बोलावलं. ते टाकीभोवती दोनदा फिरले, वर बघितलं, मग चहा घ्यायला आले.

"ताई, इहिरीत सुरुंग लावला का आम्ही वर येतो न् पळतो," ते म्हणाले. "दगड उडाला तरी इहिरीतच पडतो. हे समदं वर हाय. हे पडायचं कुठं, हे त्याला कोन सांगनार?"

चेअरमननी सिनेमातला पंजा दाखवला.

"तसं बसंल बी," गृहस्थ म्हणाले. "पन मी ह्या ओट्यावर बसनार नाय."

तेवढ्यात वाऱ्याने टाकीच्या कठड्याची एक खपली सुटली आणि अंगणात पडली. लिंबाएवढीच होती. अकराही जण ओट्यावर भिंतीला चिकटले. मी तिथेच पुन्हा हात वर करायला सांगितलं. हातोड्याला अकरा. चेअरमननी दोन्ही हात वर केले होते. मी एकच धरला.

दोन महिने ठणठण चालली. पोत्यांचे पडदे, रोज धूळ, रोज चेअरमनांची तक्रार. गुरुजींच्या घराला तडा गेला नाही. मी प्रत्येक भिंत तपासून वहीत खूण केली. शेवटचा खांब उतरला त्या सकाळी त्यांनी दाराला रंगाचा दुसरा हात दिला. चेअरमन अभिनंदन करायला आले, हातोड्याची कल्पना मुळात कशी त्यांची होती ते सांगू लागले, आणि सांगता सांगता दाराला टेकले.

गुरुजींनी तिसरा हात दुपारी दिला.