खरखरीचा वैरी

माझ्या मामाचं जन्मभर एकाच गोष्टीशी वैर होतं. ती म्हणजे खरखर. तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. कुणाचं गाणं असो, कुणाच्या नातीचं पहिलं रडणं असो, मामा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टेप ज्यावर घासते ते हेड पुसायचा, बटणं केसभर इकडेतिकडे करायचा आणि आवाज असा मऊ काढायचा की गिऱ्हाईक दुकानातच डुलायला लागायचं.

गेल्या वर्षी दुकान बंद झालं. कॅसेटी उरल्या होत्या कुणाकडे? मग मामा घरातल्या आवाजांच्या मागे लागला. पंख्याची कुरकुर गेली, दाराची करकर गेली. पंधरा दिवसांत घर इतकं गप्प झालं, की मामीला आपण ठार बहिऱ्या झालो असं वाटलं. तिला आधीच कमी ऐकू येतं. ती डॉक्टरकडे जाऊन आली.

त्याच सुमारास मला माळ्यावर माझ्या लहानपणीचा कॉम्प्युटर सापडला. कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा. खेळ असायचे साध्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजवायची, वायरीतून तो आवाज कॉम्प्युटरला ऐकवायचा आणि पाच मिनिटांनी खेळ सुरू. कॉम्प्युटर बंद केला की तो सगळं विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून ऐकवायचं. तेव्हा हे सगळं बाबा करायचे आणि मी फक्त खेळायचे, त्यामुळे मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून सगळं लटांबर घेऊन मी मामाकडे गेले.

मामाचा चेहरा असा फुलला की मलाच वाईट वाटलं. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी टेपरेकॉर्डर हवा होता. पण त्याच्यात एक खोड आहे, आनंद झाला की तो पैज लावतो. हे जमलं नाही तर हत्यारांची पेटी रविवारी भंगारवाल्याला देईन, असं त्याने जाहीर करून टाकलं. आणि मामा एकदा बोलला की बोलला.

त्याने वायर जोडली, खोलीतही आवाज ऐकू येईल अशी सोय केली आणि कॅसेट लावली. कर्कश किंचाळी उठली. मामाने दाढ दुखावी तसा गाल धरला. रेकॉर्डिंग पार बिघडलंय म्हणाला आणि कामाला लागला. पहिल्या दिवशी हेड पुसलं. दुसऱ्या दिवशी ट्रेबलचं बटण फिरवून आवाजाची धार मिटवली. तिसऱ्या दिवशी आवाजाचं बटण इतकं खाली आणलं, की किंचाळीची अगदी गुणगुण झाली. ऐकायला खरंच गोड होती. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. टीव्हीवर एक चौकोन लुकलुकत होता, बस्स. आवाज होता तसाच ठेवून बघूया का, असं मी भीतभीत विचारलं. त्यावर मामाने पस्तीस वर्षांचा अनुभव काढला, मग मी कशाला बोलते?

रविवारी सकाळी मामाने हात टेकले. पेटी उचलून तो जिन्याने खाली गेला. भंगारवाला तराजू घेऊन उभाच होता. मी खिडकीतून बघत होते आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात मामी आत आली. नवरा तीन दिवस जेवणाची वेळ चुकवून काय ऐकतोय, ते तिला एकदा बघायचं होतं. तिने कॅसेट मागे नेऊन लावली, टेपला कान लावला. काहीच ऐकू येईना. तिने दोन्ही बटणं शेवटापर्यंत पिळली.

घर हादरलं. टीव्हीवर रंगीत पट्टे धावायला लागले.

मामा पेटीसकट धावत वर आला, मागोमाग भंगारवाला. मामाचा हात सरळ बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"मामा, त्याला ऐकू येतंय. तो ऐकतोय."

"अगं, कसं सहन करतो हा?"

"अहो, त्यालाही माझ्यासारखंच कमी ऐकू येत असेल," मामी म्हणाली.

पाच मिनिटं मामा पेटी छातीशी धरून, डोळे मिटून उभा होता. मग एकदम शांत झालं. पडद्यावर एक हिरवा बेडूक उभा राहिला आणि उडी मारायची वाट बघू लागला.

भंगारवाल्याने पेटीचं काय, असं विचारलं. मामाने त्याला खुर्ची दिली. मग त्याने पेटी टेबलावर ठेवली, बेडकाकडे एकदा बघितलं आणि सरळ कॉम्प्युटर बंद केला.

मी कपाळाला हात लावला. "मामा, सगळं गेलं ना."

"जाऊ दे," कॅसेट मागे घेत तो म्हणाला. "आता मी लावतो."