वहिनीचा बिनडोक सर्व्हर

आमच्या वहिनीला थाप सहन होत नाही. लग्नाआधी दादाने उंची दोन इंच वाढवून सांगितली होती, ते ती त्याला अजून ऐकवते. ती छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तिकांची पानं लावते आणि तिच्याच पगारावर आमचं घर चालतं. दादाचे धंदे सुरू होण्याच्या बेतात असतात.

मालकांनी पानं लावायला एआय आणलं. मजकूर आला नसेल तिथे ते मनाने काहीबाही ठोकून द्यायचं. दवाखान्याच्या पुस्तिकेत त्याने हाडांचे एक अनुभवी, हसतमुख डॉक्टरच जन्माला घातले. त्यांना भेटायला एक आजी गुडघे धरत जिना चढून गेल्या. मालक वहिनीवर उखडले.

"पुन्हा असं झालं तर घरी बसा!"

मग वहिनीने टेबलाखाली जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर उभा केला. काम एकच: मजकूर नसेल तिथे एआयला निरर्थक वाक्यं पुरवायची, म्हणजे कुणी ती खरी मानणार नाही. खरा मजकूर आला की ही वाक्यं काढून टाकायची. सुरुवातीला त्यातून "लुबक डुबक गटर मटर" असलं काहीतरी यायचं.

मालक म्हणाले, "गिऱ्हाईक दचकतं हो. जरा भाषेसारखं दिसू द्या."

वहिनीने वैतागून भाषणांतली झिजलेली वाक्यं त्यात कोंबली. "सर्व घटकांनी एकदिलाने त्या दिशेने पाऊल टाकणे ही काळाची गरज आहे." कुठली दिशा, कसलं पाऊल, देव जाणे.

पुढे ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांचं मनोगत वेळेत आलं नाही. सर्व्हरचा मजकूर टाकून वहिनीने त्यांना पानांचा नमुना पाठवला. लगेच उत्तर आलं: मनोगत उत्तम, छापा.

तिने फोन लावला. "साहेब, ते तुमचं नाही. जागा भरायला मशीनने टाकलंय."

"मी काय लिहिलं ते मला शिकवता? एकेक शब्द माझा आहे!"

अध्यक्षांनी मालकांना झापलं, मालकांनी वहिनीला. "हे काम गेलं तर तुम्हीही गेलात. आत्ताच्या आत्ता लेखी माफी मागा."

वहिनी जागेवर येऊन बसली. खरं बोलल्याची माफी तिच्या हातून उतरेना. शेवटी तिने सर्व्हरकडून एक परिच्छेद मागवला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिला.

थोड्या वेळाने मालक हसत बाहेर आले. "सुटलात! साहेब म्हणाले, बाई तोंडाळ आहेत, पण लिहितात अगदी मनापासून."

वहिनी बाथरूममध्ये जाऊन रडली. नोकरी वाचल्याच्या आनंदाने, असं मालक अजून सगळ्यांना सांगतात.