पान्याच्या आवाजाला येणारी कासवं

माझ्या आत्याला अख्खी गल्ली कासवबाई म्हणते. त्याचा राग तिलाही येत नाही आणि मलाही नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो बोलून दाखवल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर यायचं नाही.

आत्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. पुढे दुकान, मागे एक अंधारी खोली. नदीकाठी एका पंपाच्या कामाला गेली असताना वाळू उपसणाऱ्यांच्या फावड्याखाली कासवाची अंडी निघालेली तिने पाहिली. आमच्याच नदीतलं हे लहानसं कासव, आता औषधालाही सापडत नाही. तिने मोटारीच्या खोक्यात वाळू भरून अंडी घरी आणली, मागाहून रीतसर परवानगी काढली आणि मागच्या खोलीत लोखंडी टाक्या मांडून पिल्लं वाढवली. अशी कितीतरी वर्षं गेली. खायला घालण्याआधी ती पाना घेऊन टाकीच्या कडेवर ठोकायची. ठणठण ऐकलं की सगळी वर यायची, आणि कोण सुस्त आहे, कोण आजारी, ते एका नजरेत कळायचं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणायचे, या घरात हाकेला ओ देणारी तेवढीच.

मग धोक्यात आलेल्या देशी प्राण्यांसाठी सरकारी अनुदान आलं. आत्याने मागितलं एक कुंपण घातलेलं तळं आणि त्यावर राखणीला एक माणूस. तिथे कासवांनी आपलं आपण खावं, माणसाला आणि पान्याला विसरावं, मग नदीत जावं, एवढंच. वन विभागाच्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की माणसाच्या पगाराची यात सोय नाही, बांधकामाची आहे. म्हणून मंजूर काय झालं, तर लोकांना कासवं बघता यावीत म्हणून नदीकाठी लोखंडी मनोरा. वर अट अशी की वाढलेली कासवं आधी नदीत सोडा, नाहीतर निधी परत जाईल.

आत्या हो म्हणाली आणि तिने वाढलेली कासवं नदीत सोडली. तिचं चुकलंच. नदीत गेली की विसरतील, तिथे कोण पाना ठोकायला बसलंय, असं तिला वाटलं.

मनोऱ्याच्या खांबांवर घण पडायला लागले आणि कासवं पाण्यातून बाहेर आली. जेवायला आली बिचारी. खडीचा ट्रक त्याच वेळी मागे येत होता.

दुपारी मनोऱ्याच्या कामावरचा फिटर दुकानात आला. हातात पोतं होतं. ते त्याने जमिनीवर हळूच ठेवलं.

"बाई, आम्ही हाकलत होतो," तो म्हणाला, "पण ती जातच नव्हती. आमच्याकडेच बघत होती."

आत्याने पोतं उघडून बघितलं आणि दुकान बंद केलं. ती रडली नाही. पुढे चौकशी झाली. कंत्राटदार सुटला, साहेब सुटले, आणि प्राण्यांना माणसाळवल्याचा ठपका आला आत्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. काकांनी ठपक्याचा कागद फाडायला घेतला, तर आत्या म्हणाली, राहू दे, अर्धं खरं आहे.

टाक्यांत अजून लहान पिल्लं होती. त्या दिवसापासून घरात पाना वाजला नाही. खाणं कधी सकाळी, कधी संध्याकाळी, गुपचूप पाण्यात पडायचं. आत्याने दुकानातली ठोकाठोकीची कामंसुद्धा घेणं सोडलं. गिऱ्हाईक तुटलं, तरी तिने माघार घेतली नाही.

मनोरा झाला. त्यावरून बघायला कासव नव्हतं. तेव्हा साहेब आले आणि त्यांनी दुकानाच्या लोखंडी दारावर गाडीच्या किल्लीने ठकठक केली. मागच्या खोलीत सगळ्या टाक्यांतून माना वर आल्या.

साहेबांनी ते आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा, बोलावलं की येतात की," ते म्हणाले. "उद्घाटनाला हेच करू. पाहुण्यांच्या हातात एक हातोडी देऊ."

आत्याने साहेबांना खांद्याला धरून बाहेर काढलं आणि त्यांच्या तोंडावर दार लावलं. अगदी हळूच लावलं, आवाज होऊ न देता.