काशीत सोडलेला धूर

जनार्दनने सिगारेट सोडली ती काशीला. नव्याण्णव साली. आईच्या अस्थी घेऊन गेला होता.

काशीला गेलं की आवडती एक वस्तू कायमची सोडून यायची, ही त्यांच्या जांबे गावातली जुनी रीत. लोक हुशार. कुणी कारलं सोडतं, कुणी दोडका. जनार्दनने खिशातलं सिगारेटचं पाकीट गंगेत टाकलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ती त्याच्या ओठांत होती. तो गावी परतला तेव्हा भिकूने पारावर सगळ्यांदेखत टोला हाणला, "लोकं कारलं सोडून येत्यात. ह्यो गडी थोरली बायको सोडून आला!"

पार हसला. त्याची बायको सुलक्षणाही दारातून हसली. त्या हिशोबाने ती धाकटी.

रीतीला एक शेपूट होतं. सोडलेल्या वस्तूचं पुन्हा नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ती मागोमाग येते. जनार्दनने तेही पाळलं. त्याने भाड्याने दिलेल्या खोल्यांत हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं राहायची. त्यांना तो म्हणायचा, "ते तुमचं काय ते, भाईर जाऊन करा."

दोन हजार आठ साली खोकला लागला. कपडे ढिले झाले. एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. पुण्यातल्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट, बिडी?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

जनार्दनने मान हलवली. सुलक्षणा शेजारीच उभी होती. तिने पदर सारखा केला. आपण काही लपवतोय असं दोघांच्याही मनात आलं नाही. काशीला सोडलं ते आपलं राहिलंच कुठे?

दुर्बीण घालून श्वासनळी तपासली. नळीत काही सापडलं नाही. सिगारेटचा संबंध नाही, तेव्हा क्षय धरून चालू, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या.

त्या तपासणीत स्वरदा नावाच्या तरुण डॉक्टरने, त्याला विचारून, नळीतल्या थोड्या पेशी बारीक ब्रशने काढून घेतल्या होत्या. सिगारेटने या पेशींत काय बदलतं, याचं तिचं संशोधन चालू होतं. तुलनेसाठी कधीच सिगारेट न ओढलेली माणसं हवी होती. जनार्दनला बरं वाटलं होतं. आपलाही कुणाला उपयोग.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. खोकला गेला नाही. मग स्वरदाने बोलावून घेतलं.

"काका, तुम्ही पूर्वी सिगारेट ओढायचात का? मी रागावणार नाही."

जनार्दनने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाच बोलली. "व्हय. रोज दोन पाकिटं. पर काशीला सोडली." नाव तिनेही घेतलं नाही.

स्वरदाने खुर्ची जवळ ओढली. मग तिने सावकाश सांगितलं. पेशीत हजारो जनुकं असतात. धूर येत राहिला की काहींचं काम वाढतं, काहींचं मंदावतं. सोडल्यावर बहुतेक पूर्ववत होतात. काही मात्र वर्षानुवर्षं होत नाहीत. "तुमचीही बहुतेक झाली आहेत. पण त्या उरलेल्यांमुळे तुमचा नमुना न ओढणाऱ्यांत बसेना."

"म्हंजी भाडेकरू गेला, पर भितीतलं खिळं ऱ्हायलं."

"हो काका. पण सोडली नसतीत तर इतकी वर्षंही कदाचित मिळाली नसती."

"हे आदीच सांगितलं असतं तर?"

"डागाचा तुकडा तेव्हाच तपासला असता."

तुकडा आता तपासला. कर्करोग निघाला. तोवर तो हाडांत उतरला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

घरी आल्यावर सुलक्षणा चुलीपाशी बसून राहिली. "माझी जीभ का न्हाई उचलली?"

"रीत व्हती," जनार्दन म्हणाला.

माणसं भेटायला येऊ लागली. ओट्यावर चहा फिरे. एका सकाळी भिकू आला. सोबत जनार्दनचा धाकटा भाऊ कैलास. थोरल्याचं बघून त्यानेही सिगारेट बंद केली होती.

भिकूने जनार्दनकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "बगा. इतकी वर्सं धूर न्हाई घेतला, तरी ह्यालाच धरलं. मग सोडून उपेग काय?" त्याने ओठांत सिगारेट धरून काडी ओढली.

बसलेल्यांनी माना डोलावल्या. जनार्दनने हात वर केला. डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगायचं होतं. भिकू उलटा अर्थ काढतोय, हे सांगायचं होतं.

"सोडली म्हनून..." तो म्हणाला, आणि खोकल्याने त्याला वाकवलं.

भिकूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बोलू नगंस, जनार्दना. कळलं आमाला."

जनार्दन श्वास गोळा करू लागला. तो पुरेसा होईना. कैलासने भिकूपुढे हात केला. "दे एक."